कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे! आपल्या पोरापोरींनी शरीराच्या शास्त्रात पीएचडी का करावी?

"तुम्हा लोकांना व्यायामाची काय गरज? तुमचा तर दिवसभर व्यायामच होतो!"

वस्तीतल्या आरोग्य शिबिरांत हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच ते ओळखू येते. कधी डॉक्टर बोलतात, कधी ओपन जिमचे उद्घाटन करायला आलेले नगरसेवक, कधी शाळेतले पीटीचे सर. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही, उलट त्यात कौतुक असते. पण जिने सकाळपासून पाच घरच्या फरशा पुसल्या आहेत आणि जिला संध्याकाळी गुडघा दाबून धरल्याशिवाय जिना चढता येत नाही, त्या बाईला हे कौतुक ऐकवायचे? कष्टकऱ्याचे शरीर वेगळ्या मातीचे असते, ते कामाने झिजत नाही, कामानेच घडते, म्हणून त्याच्याकडून कितीही काम घेतले तरी हरकत नाही, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ आहे. जातीने वाटून दिलेल्या कामाला आरोग्याचे सर्टिफिकेट देणारे हे वाक्य आहे. आणि आपल्या चळवळीने त्याला अजून नीट उत्तर दिलेले नाही.

हे उत्तर भाषणातून देता येणार नाही, ते मोजमापातून द्यावे लागेल. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे की आपल्या पोरापोरींनी मानवी हालचाल आणि व्यायाम यांच्या शास्त्रात डॉक्टरेट केली पाहिजे. परदेशात याला किनेसिऑलॉजी, ह्यूमन मूव्हमेंट सायन्स, एक्सरसाइज सायन्स अशी नावे आहेत. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी शारीरिक शिक्षण विभागाच्या पाटीखाली चालते. काम करताना हृदय आणि स्नायू किती ऑक्सिजन वापरतात, ओझे उचलताना मणक्यावर किती भार येतो, माणूस थकतो म्हणजे त्याच्या शरीरात नेमके काय होते, हे सगळे या शास्त्राचे विषय आहेत. आता सांगा, या प्रश्नांशी आपल्यापेक्षा जवळचे नाते कोणाचे आहे?

बाबासाहेबांनी सांगितले की जात ही फक्त श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. हे वाक्य आपण सगळेच सभांमध्ये बोलतो. पण श्रमिकांची विभागणी म्हणजे शरीरांचीही विभागणी, इथपर्यंत आपण सहसा जात नाही. कोणाची कंबर वाकणार, कोणाच्या डोक्यावर ओझे येणार, कोणाचा हात घाणीत जाणार आणि कोण गादीवर बसून हिशेब लिहिणार, हे जन्मावर ठरले. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते ठरवणे आज आपल्या आईच्या गुडघ्यात आणि बापाच्या मणक्यात दुखते आहे. आम्ही समाजशास्त्रवाले त्यावर प्रबंध लिहितो, 'श्रमाचे अवमूल्यन' वगैरे शब्द वापरतो. ते शब्द खरे आहेत, पण कोर्टात आणि कामगार आयुक्ताच्या टेबलावर ते अपुरे पडतात.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. युरोपातल्या संशोधकांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. फावल्या वेळात केलेली हालचाल आयुष्य वाढवते, पण पोटासाठी केलेल्या कष्टाच्या हालचालीचा तसा फायदा दिसत नाही, काही वेळा नुकसानच दिसते. डेन्मार्कचे आंद्रेयास होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला शारीरिक हालचालीचा विरोधाभास असे नाव दिले. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात १ लाख ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. त्यात कामाच्या ठिकाणी जास्त शारीरिक कष्ट करणाऱ्या पुरुषांमध्ये लवकर मरण येण्याचा धोका कमी कष्ट करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त आढळला.

असे का व्हावे? साधे आहे. पार्कात धावणारा माणूस अर्धा तास धावतो, हृदयाचे ठोके वाढवतो, मग थांबतो, पाणी पितो, झोपतो. त्या विश्रांतीत शरीर बळकट होते. हमालाचे हृदय आठ-दहा तास वाढलेल्या ठोक्यांवर चालते, वजन उचलताना रक्तदाब चढतो, तोच स्नायू, तोच सांधा दिवसभर ताणला जातो आणि दुसऱ्या दिवशी दुखणे उतरायच्या आत पुन्हा काम सुरू होते. सगळ्यात मोठा फरक म्हणजे धावणाऱ्याला वाटेल तेव्हा थांबता येते. मुकादमासमोर थांबता येत नाही. थांबण्याचा अधिकार असेल तो व्यायाम आणि तो नसेल ते कष्ट, अशी व्याख्या आम्ही करू. शरीर झिजवण्यात पुण्य आहे ही कल्पना तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच टाकून दिली होती. आपल्या देशाने ती कष्टकऱ्यांपुरती शिल्लक ठेवली.

या संशोधनावर वाद आहेत हेही सांगितले पाहिजे. काहींचे म्हणणे, हा फरक कष्टाचा नसून गरिबीचा, तंबाखूचा, खाण्यापिण्याचा आहे. शिवाय त्याच विश्लेषणात स्त्रियांच्या बाबतीत असा वाढीव धोका दिसला नाही. पण कोणत्या स्त्रिया? ही माहिती मुख्यतः श्रीमंत देशांतली. त्यात आपली ऊसतोड करणारी बाई नाही.

तिचा दिवस एकदा डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, म्हणजे हिशेबात ती अख्खा माणूससुद्धा नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे अंधारात फडात जायचे, कंबरेत वाकून ऊस बुडख्यापासून तोडायचा, पाचट काढायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून किंवा शिडीवरून ट्रकवर चढायचे. मासिक पाळीत, गरोदरपणात, तापातही हेच, कारण खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यात या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याची बातमी आली, तेव्हा २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यावर लेख आले, चर्चासत्रे झाली. पण मोळी डोक्यावर घेऊन शिडी चढताना तिच्या मणक्यावर आणि ओटीपोटावर किती दाब येतो? एका दिवसात तिचे शरीर किती ऊर्जा खर्च करते आणि तिच्या भाकरीतून त्यातली किती भरून निघते? उन्हाच्या कोणत्या पाऱ्यावर काम थांबवले नाही तर जिवाला धोका आहे? हे छातीठोकपणे सांगणारी, तिच्याच तांड्यातून, तिच्याच वस्तीतून आलेली डॉक्टरेट झालेली पोरगी कुठे आहे? आम्हाला ती हवी आहे.

असे आकडे हातात असले की काय घडते याचे उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. तिथल्या शेतात मेक्सिकन वंशाच्या मजुरांना फूट-दोन फूट दांड्याचे खुरपे दिले जाई. स्पॅनिशमध्ये त्याला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे आखूड. ते वापरायचे तर दिवसभर कंबरेत वाकलेच पाहिजे. मळेवाले म्हणत, लांब दांड्याने पिकाची नासधूस होते. खरे कारण मजुरांना माहीत होते. आखूड खुरपे असले की सरळ उभा राहिलेला माणूस लांबूनच दिसतो आणि तो काम टाळतोय हे मुकादमाला कळते. (आपल्याकडच्या कोणत्याही साइटवर जा, हीच नजर भेटेल.) मजुरांनी लढा दिला आणि त्यांच्या बाजूने डॉक्टर उभे राहिले. या वाकण्याने पाठीचा कणा कायमचा निकामी होतो अशा साक्षी झाल्या. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी ते खुरपे बंद झाले. मजुरांची संघटना आणि शास्त्राची साक्ष, दोन्ही लागले.

आपल्याकडे संघटना होत्या आणि आहेत. गोणीचे वजन कमी करा म्हणून हमालांनी वर्षानुवर्षे लढा दिला, १९६९ चा माथाडी कायदा लढूनच मिळवला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. हा आकडा आकाशातून पडला नाही, शरीराच्या अभ्यासातून आला. पण अर्धपोटी, अंगात रक्त कमी असलेल्या, पन्नाशीतल्या मराठवाड्याच्या हमालासाठी ही मर्यादा किती असायला हवी? हे त्याच्या शरीरावर काम करून सांगणारे आपल्यातले किती?

इथे काही कार्यकर्ते हमखास एक आक्षेप घेतील. शरीरे मोजण्याचा धंदा आपल्याविरुद्धच वापरला गेला आहे, त्याच्या नादी का लागायचे? आक्षेप खोटा नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले साहेब नाकाची रुंदी मोजून जातीची उतरंड वंशावर बसवत होते. हार्वर्डमध्ये १९२७ ते १९४७ या काळात थकव्याचा अभ्यास करणारी एक प्रसिद्ध प्रयोगशाळा होती, या शास्त्राच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतात. ती हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये होती! कामगाराचा थकवा हा मालकाच्या नफ्याचा विषय होता, दुसरे काय. याच प्रयोगशाळेच्या लोकांनी मिसिसिपीत जाऊन कापसाच्या मळ्यांतल्या काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांची शरीरे तपासली. निष्कर्षांचे पेपर छापले गेले. वाटेकरी होते तिथेच राहिले.

पण बाबासाहेबांनी काय केले ते आठवा. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचेच तक्ते समोर ठेवले आणि त्याच मापांवरून दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. मोजपट्टी फेकून दिली नाही, ती हिसकावून घेतली. अमेरिकेत हेच काम विल्यम मॉन्टेग्यू कॉब या काळ्या डॉक्टरने केले. मानववंशशास्त्रात पीएचडी मिळवणारे ते पहिले आफ्रिकन अमेरिकन. काळे धावपटू जिंकतात ते त्यांच्या पायांच्या वेगळ्या हाडा-स्नायूंमुळे, अशी चर्चा जोरात असताना त्यांनी खुद्द जेसी ओवेन्सचे पाय मोजले. ज्याला लोक 'काळ्यांचा पाय' म्हणत, तशी त्याच्या पोटरीची ठेवण नव्हतीच. हे त्यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले, ओवेन्सने बर्लिनला चार सुवर्णपदके जिंकली तेच वर्ष. आदिवासी पोरगी शर्यत जिंकली की "रानात वाढली, पळणे रक्तातच आहे" असे लिहिणारे पत्रकार आजही आहेत. तिने सहा वर्षे पहाटे चार वाजता उठून केलेला सराव त्यांच्या लेखी शून्य. त्यांना कॉबसारखे उत्तर द्यायला कॉबसारखी पदवी लागते.

आता घरातले भांडण. आपल्या चळवळीत पीएचडीची एक उतरंड तयार झाली आहे. आंबेडकरी विचार, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी साहित्य यांत डॉक्टरेट केली की सत्कार. शारीरिक शिक्षणात केली की "खेळाच्या मास्तरची कसली पीएचडी?" हे हसणे कुठून आले? बुद्धी वरची आणि शरीर खालचे, हा भेद कोणी शिकवला? ज्यांच्या डोक्यातून एक वर्ण आणि पायातून दुसरा निघतो, त्यांनीच ना? मग दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्यांनी तो भेद जपायचे कारण काय?

आणि या विषयातले कच्चे ज्ञान सगळ्यात जास्त कोणाकडे आहे? आपल्याच पोरांकडे. कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे जा. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळणारी, गोळा फेकणारी पोरे आणि ८०० मीटरचा सराव करणाऱ्या पोरी कोण आहेत ते बघा. फाटक्या बुटांनी डांबरी रस्त्यावर पळून नडगी दुखते, भरतीच्या आधी आठ दिवस सराव वाढवला तर वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडते, उपाशीपोटी तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्यांना अंगावर काढून कळलेले असते. वय निघून गेले की त्यातले काही बीपीएड, एमपीएड करतात आणि विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर कवायत घेतात. या पोरांमध्ये संशोधक आहेत. त्यांना कोणी तसे सांगितलेले नाही, एवढेच.

पण नुसती पदवी घेऊन उपयोग नाही, हेही सांगायला हवे. 'बारा आठवड्यांच्या योगासनांचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या लवचिकतेवर होणारा परिणाम' अशा धाटणीचे प्रबंध आपल्या विद्यापीठांतून ढिगाने निघतात. आधी मोजले, नंतर मोजले, टी-टेस्ट लावली, संपले. योगासनांशी आमचे वैर नाही. पण नमुना म्हणून कायम कॉलेजची पोरेच का? रस्ता झाडणारी बाई का नाही? वीटभट्टीवरचा जोडीदार का नाही? आणि पैसे देऊन प्रबंध लिहून घेणाऱ्यांबद्दल तर आम्ही बोलतच नाही. आपल्या माणसाने असला प्रबंध विकत घेतला तर तो आरक्षणविरोधकांच्या हातात कोलीत देतो.

चांगला प्रश्न घ्यायला महागडी यंत्रेच लागतात असेही नाही. ऑक्सिजन मोजणारे यंत्र, पायाखालचा दाब मोजणारी फोर्स प्लेट लाखांच्या घरात जातात, ती मोठ्या संस्थांत असतात. पण छातीला बांधायचा हृदयगतीचा पट्टा मोबाइलच्या किमतीत येतो. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी तर नुसत्या शब्दांची पट्टी बनवली. काम किती जड वाटते ते माणसाने स्वतः ६ ते २० मध्ये सांगायचे, त्या आकड्याला दहाने गुणले की निरोगी तरुण माणसाच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. आता ही पट्टी आपल्या लोकांपुढे ठेवायची तर मराठी कोणती वापरणार? 'अतिशय परिश्रमपूर्ण' असे लिहून दिले तर बाई तोंडाकडे बघत राहील. तिच्याकडे स्वतःचे शब्द आहेत. दम लागला, धाप लागली, अंग आंबले, पिंढऱ्या भरून आल्या, कंबर मोडली, हातापायात गोळे आले. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या थकव्याचे नाव आहे. हे शब्द पट्टीवर बसवून, ठोक्यांशी ताडून बघणे हाच एक पीएचडीचा विषय होऊ शकतो, आणि तो वस्तीत वाढलेल्या माणसाइतका चांगला दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

एक अट मात्र आम्ही घालू. आपल्या लोकांचे शरीर पुन्हा कोणाचा नुसता नमुना होता कामा नये. चाचणीसाठी बाईचा दिवस मोडणार असेल तर तिची मजुरी द्या, कशासाठी मोजतोय ते तिच्या भाषेत सांगा, नाही म्हणाली तर परत या, आणि निष्कर्ष जर्नलच्या आधी तिच्या ओट्यावर वाचून दाखवा.

वाट कशी आहे? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसींना ५ टक्के सूट. नेटमध्ये शारीरिक शिक्षण हा स्वतंत्र विषय आहे. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरले जातात, त्यात ७० टक्के नेटचे आणि ३० टक्के मुलाखतीचे. मुलाखतीचे ३० टक्के म्हणजे काय, हे या लेखाच्या वाचकांना समजावायला नको. जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार. फिजिओथेरपी, शरीरक्रियाशास्त्र, होम सायन्स शिकलेल्यांनीही या विषयाकडे पाहावे. संख्याशास्त्र आजपासून शिका, तिथेच आपली पोरे अडतात.

सरकारवर विसंबू नका, पण सरकारला सोडूही नका. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना आझाद मैदानात बसावे लागले. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, असे विचारले. त्याआधी २०२२ मध्ये केंद्राने नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास वगळून टाकले. म्हणजे जातीवर संशोधन करायला दलित पोराने सरकारी पैशाने परदेशी जायचे नाही! त्या नियमाविरुद्ध लढलेच पाहिजे. पण बायोमेकॅनिक्स त्या यादीत नाही. मणक्यालाही जात असते हे नियम लिहिणाऱ्याच्या लक्षात आले नसावे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पीएचडीच्या विद्यार्थ्याला शिकवण्याचे किंवा प्रयोगशाळेचे काम देऊन फी माफ करतात. तिथल्या प्राध्यापकाला पत्र लिहिताना 'मला संधी द्या' असे लिहू नका. ऊसतोडीचा, वीटभट्टीचा, गटाराचा तुमचा प्रश्न लिहा. तो प्रश्न त्यांच्याकडे नाही.

येत्या जयंतीला मंडळांची वर्गणी जमेल, डीजेचा हिशेब होईल. त्यातला एका रात्रीचा डीजे कमी केला तर चार-पाच हृदयगतीचे पट्टे, एका पोरीची नेटची फी आणि पुस्तके निघतात. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय कोण मांडणार, त्याचे नाव आत्ताच ठरवा.

जय भीम!